सावकाश श्वास, रक्तदाब आणि मधुमेही सभासद



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेणे, बेसल डोस, खोडव्याची मशागत, हुमणी आणि तांबेरा यांविषयी. या वेळी विषय वेगळा आहे, तरी तो शेतकी खात्याच्या कामाबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही. गटवार मेळावे घेतो, प्लॉट पाहणीला येतो, तेव्हा उसाचे बोलणे संपले की दुसरे बोलणे निघते ते शुगरचे आणि बीपीचे. पूर्वी हा आजार शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा म्हणत. आता बांधावर उभ्या असलेल्या चार सभासदांत एकाच्या तरी खिशात गोळ्यांची पट्टी असते.

त्यातच गेल्या काही वर्षांत एक नवे ऐकू येऊ लागले आहे. "साहेब, मी बीपीची गोळी सोडली. सकाळी अर्धा तास श्वासाचा व्यायाम करतो, आता गोळीची गरज नाय." कोणी मोबाईलवर पाहिलेले असते, कोणी शिबिरात ऐकलेले असते. श्वासाचा व्यायाम चांगला की वाईट, असा हा प्रश्न नाही. तो चांगलाच आहे. पण त्याने किती उतरते, कोणाचे उतरते, आणि मधुमेह असलेल्या माणसाने त्यावर किती विसंबावे, हे नीट समजून घेतले पाहिजे. आम्ही डॉक्टर नाही. पण एखादे नवे खत किंवा टॉनिक आले की त्याचा दावा तपासून कसा घ्यायचा, हे आपण सारे मिळून पुष्कळ वर्षे करीत आलो आहोत. तीच रीत येथे लावू.

मधुमेह आणि रक्तदाब: एका दाव्याचे दोन बैल

मधुमेहात रक्तातील साखर वाढते हे सर्वांना माहीत आहे. पण खरे नुकसान होते ते रक्तवाहिन्यांचे. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की लहानमोठ्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते, त्या ताठर होतात आणि मूत्रपिंडाचे काम बिघडू लागते. या सगळ्याने रक्तदाबही चढतो. म्हणून मधुमेह असलेल्या पुष्कळ जणांना पुढेमागे रक्तदाबाची जोड मिळते.

ठिबक बसविलेल्या सभासदांना हे सांगायला नको. जुनी, कडक झालेली लॅटरल आणि त्यात पंपाचा दाब जास्त, म्हणजे काय होते? कुठे जोड निसटतो, कुठे नळी फाटते, तर कुठे ड्रिपर उडतो. शरीरात सर्वांत बारीक नळ्या आहेत त्या डोळ्याच्या पडद्यात आणि मूत्रपिंडात. मधुमेहाने त्या आधीच कमजोर झालेल्या असतात, त्यावर जादा दाब आला की नजर जाते, मूत्रपिंड निकामी होतात. मेंदूत असे झाले तर लकवा आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला तर हृदयविकाराचा झटका.

हे प्रमाण किती आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर झालेल्या पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यांतील आणि शहरांतील मिळून १ लाख १३ हजार माणसे त्यात तपासली होती. त्यावरून देशात सुमारे १० कोटी माणसांना मधुमेह आहे असा अंदाज निघाला. शंभरात अकरा-साडेअकरा जणांना मधुमेह आणि पस्तीस जणांना वाढलेला रक्तदाब असे ते प्रमाण.

दाब उतरविल्याने किती फरक पडतो याचा मोठा पुरावा इंग्लंडमधून १९९८ साली आला. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या १,१४८ रुग्णांवर औषधोपचार करून त्यांना आठ वर्षांहून अधिक काळ तपासत ठेवले होते. एका गटाचा दाब कडक सांभाळला, तो सरासरी १४४/८२ राहिला. दुसऱ्या गटाचा थोडा सैल सोडला, तो १५४/८७ राहिला. फरक अवघा दहा अंकांचा. पण पहिल्या गटात लकव्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहापायी होणारे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. दहा अंकांची किंमत एवढी आहे, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

दोन आकडे कशाचे?

रक्तदाब सांगताना दोन आकडे सांगतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते त्या वेळचा दाब हा वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते त्या वेळचा दाब हा खालचा आकडा. १२०/८० च्या खालचा दाब चांगला समजतात. दवाखान्यात पुनःपुन्हा मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो वाढलेला रक्तदाब. मधुमेह असलेल्यांना बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवा असे सांगतात. वय, मूत्रपिंडाची स्थिती आणि चक्कर येण्याची सवय पाहून प्रत्येकाचे लक्ष्य थोडे वेगळे असू शकते. ते आपल्या डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे.

एक गोष्ट पक्की समजावी. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. "मला काही होत नाही, म्हणजे बीपी नाही" हा हिशेब चुकीचा. हुमणी मुळाशी बसलेली असते तेव्हा वरून ऊस हिरवाच दिसतो. पिवळा पडू लागला की वेळ गेलेली असते.

श्वासाचा आणि दाबाचा संबंध

आपण बसल्याजागी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. ते मोजून-मापून सहावर आणले तर शरीरात काय होते?

बॉयलर हाउस ज्यांनी पाहिले आहे त्यांना प्रेशर गेज ठाऊक आहे. गेजवर नजर ठेवणारा माणूस दाब वाढला की बगॅसची फीड कमी करतो, दाब पडला की वाढवतो. शरीरातही असे गेज आहे. मानेतील मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती ताणली जातात आणि मेंदूला खबर देतात. मेंदू लगेच हृदयाची गती कमी करतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो आणि दाब खाली येतो. ही क्रिया दिवसरात्र चालू असते.

ज्यांचा रक्तदाब जुना आहे, त्यांच्यात गेजकडे पाहणारा हा माणूस सुस्त होतो. दाब वाढला तरी तो लवकर हलत नाही. मधुमेह बरीच वर्षे असेल तर गेजपासून निघणाऱ्या तारा, म्हणजे मज्जातंतू, याही कमजोर होतात.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. बोटे नाडीवर ठेवून सावकाश श्वास घेतला तर पुष्कळांना हे स्वतःलाही कळते. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की ठोक्यांची ही चढउतार आणि रक्तदाबाची चढउतार यांचा मेळ बसतो आणि गेजवाला माणूस जागा होतो. हृदयाला शांत करणाऱ्या मज्जातंतूचा जोर वाढतो, धावपळीच्या वेळी काम करणाऱ्या मज्जातंतूंचा जोर कमी होतो. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो.

श्वासाचे महत्त्व आपल्याकडे नवीन नाही. ते यंत्राने मोजून पाहण्याचे कामही महाराष्ट्रात लवकर सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. पुढे इटलीतील डॉ. बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक मजेशीर निष्कर्ष प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम् मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाबाचे गेज अधिक जागरूक झाले. माळ कोणत्याही धर्माची असो, श्वासाची लय तीच.

याच मंडळींनी २००५ साली वाढलेला रक्तदाब असलेल्या २० जणांना मिनिटाला सहा श्वासांवर आणले. त्यांचा सरासरी दाब तेवढ्यापुरता १५० वरून १४१ वर आणि खालचा ८३ वरून ७८ वर आला. म्हणजे सावकाश श्वासाने दाब उतरतो हे खरे. पण हा त्या घटकेचा आकडा. दुपारी, संध्याकाळी, पुढच्या महिन्यात काय, हा वेगळा प्रश्न आहे.

कंट्रोल प्लॉट काय सांगतो?

एखादी कंपनी सांगते, "आमचे टॉनिक फवारा, एकरी पाच टन वाढ." सभासदाने फवारले आणि टनेज वाढले. पण ते टॉनिकने वाढले, की त्या साली पाऊस बरा होता म्हणून? हे कळण्यासाठी शेजारी न फवारलेला कंट्रोल प्लॉट लागतो, तोही त्याच जमिनीत, त्याच बेण्याचा. माणसांवरच्या चाचण्यांतही हेच करतात.

सावकाश श्वासासाठी परदेशात एक यंत्र निघाले. पट्ट्याने ते श्वास ओळखते आणि सुरांच्या आधाराने श्वास मिनिटाला दहाच्या खाली आणते. या यंत्रावर बऱ्याच चाचण्या झाल्या. त्यांतल्या तीन मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसांवरच्या आहेत, म्हणून आपल्या कामाच्या आहेत.

पहिली इस्रायलमधील, २००९ साली प्रसिद्ध झालेली. ६६ रुग्ण, मुदत आठ आठवडे. यंत्रावर श्वास घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी दहाने उतरला, नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांचा दीडएक अंकाने. फरक मोठा दिसतो. पण येथे कंट्रोल गटाला रोज बसून करावयाचे असे काही दिलेलेच नव्हते.

दुसरी नेदरलँड्समधील, २००७ सालची. ३० रुग्ण. येथे कंट्रोल गटाला रोज तेवढाच वेळ संगीत ऐकावयास दिले. दाब दोन्ही गटांत उतरला, यंत्रवाल्यांचा जास्त उतरला असे दिसले नाही.

तिसरी त्याच देशातील, २०१३ सालची आणि सर्वांत काटेकोर. ४८ रुग्ण, आठ आठवडे. कंट्रोल गटालाही तसेच दिसणारे यंत्र दिले, मात्र ते श्वास सावकाश करीत नव्हते. आपले यंत्र खरे की नुसते दिखाऊ, हे रुग्णांना माहीत नव्हते. निकाल असा की दोन गटांत धरण्यासारखा फरक नाही.

२०१२ साली अशा आठ चाचण्यांचे एकूण ४९४ रुग्ण एकत्र धरून हिशेब मांडला गेला. वरचा दाब सरासरी सुमारे पावणेचार आणि खालचा अडीच अंकांनी उतरल्याचे दिसले. पण यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा हात असलेल्या चाचण्या बाजूला काढल्या तेव्हा तो फरकही दिसेनासा झाला. खत कंपनीच्या प्लॉटवरचे टनेज आणि आपल्या वजनकाट्यावरचे टनेज यांतला फरक सभासदांना नव्याने सांगायला नको.

मग यातून घ्यायचे काय? आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी.

एक, रोज पंधरा मिनिटे शांत बसणे हेच मुळात दाबाला उपकारक दिसते, मग श्वास मोजा किंवा संगीत ऐका. दोन, सावकाश श्वासाने तात्पुरता उतार नक्की पडतो. कायमचा उतार पडला तरी तो बहुतेकांत थोडा असतो आणि मधुमेह्यांत त्याचा भरवसा आणखी कमी आहे. तीन, यासाठी महागडे यंत्र घेण्याची काही गरज नाही. घड्याळ आणि आपले नाक पुरे.

म्हणून गोळी बंद करू नका

लेखातली मुख्य गोष्ट हीच. सावकाश श्वास ही आंतरमशागत आहे, खताची मात्रा नव्हे. भर चांगली लावली, पाचट कुजवले, तण काढले तर दिलेले खत लागू पडते. पण मशागत चांगली आहे म्हणून युरियाच बंद केला तर ऊस उभा राहील, टनेज राहणार नाही. रक्तदाबात तर नुकसान टनेजचे नाही, माणसाचे आहे.

एखाद्याचा दाब गोळीवर १३० आहे. तो म्हणतो, "आता नॉर्मल झाला, गोळी कशाला?" अहो, तो गोळीमुळे नॉर्मल आहे. गोळी सोडल्यावर पहिले चार दिवस काहीच वाटत नाही, त्यामुळे माणसाचा समज पक्का होतो. आत दाब हळूहळू चढत असतो. काही गोळ्या तर एकदम बंद केल्या की दाब उलट उसळी मारतो. मधुमेह्यांना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडाचेही रक्षण करतात. ते काम श्वासाच्या व्यायामाने होणार नाही. वर पाहिले त्याप्रमाणे, दहा अंक उतरून टिकले त्याने लकवा निम्म्याच्या जवळपास कमी झाला, आणि ते दहा अंक औषधांनी उतरविलेले होते.

तेव्हा गोळी चालू ठेवून श्वासाचा व्यायाम करा. दाब खरोखर खाली राहू लागला तर नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

करण्याची रीत

१) जागा व वेळ: घरात किंवा ओसरीवर, जेथे पंधरा मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी जागा. पोट तुडुंब भरलेले नसावे. वेळ रोज एकच धरावी. ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर, विहिरीच्या कठड्यावर किंवा चालू मोटारीजवळ बसून करू नये. डोळा लागण्याचा संभव असतो.

२) बसणे: मांडी घालून किंवा खुर्चीवर, पाठ ताठ पण ताणलेली नको. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच बरी. कपडे सैल. एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट पुढे यावे, खांदे वर जाऊ नयेत.

३) मोजणी: मनात चार अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास आत घ्यावा. सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. एक अंक म्हणजे एक सेकंद. असा दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. अंकांऐवजी नामस्मरण केले तरी चालेल, लय तेवढी राहावी.

४) सुरुवात: पहिल्याच दिवशी सहावर येण्याची घाई नको. पहिले दोन आठवडे तीन अंक घेणे, चार अंक सोडणे, एवढेच पाच मिनिटे करावे. सवय झाली की चार आणि सहावर यावे व वेळ पंधरा मिनिटांपर्यंत वाढवावी.

५) जोर नको: छाती ठासून भरावयाची नाही, श्वास रोखून धरावयाचा नाही. हवा कमी पडते असे वाटले तर दोन-चार श्वास नेहमीसारखे घेऊन पुन्हा सुरू करावे. हाताला मुंग्या आल्या किंवा डोके हलके झाले तर श्वास फार खोल घेतला जातो आहे असे समजून थांबावे.

६) उठणे: झाल्यावर चटकन उभे राहू नये. मिनिटभर तसेच बसून मग उठावे.

कोणी काय जपावे

कपालभाती आणि भस्त्रिका हे वेगाचे प्रकार, तसेच श्वास कोंडून धरणे, हे दाब चढा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सावकाश श्वास वेगळा आणि हे प्रकार वेगळे. दोन्हींना लोक प्राणायामच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल किंवा तसा धोका सांगितला असेल, त्यांनी श्वास कोंडणे आणि डोके खाली करण्याची आसने टाळावीत. शीर्षासन तर नकोच.

दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल आणि उभे राहिल्यावर अंधारी येत असेल, तर ते मज्जातंतू कमजोर झाल्याचे लक्षण असू शकते. अशांचा दाब उभे राहताच पडतो. त्यांनी बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा दाब मोजून घ्यावा. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी विचारावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. व्यायामाला बसल्यावर दरदरून घाम, हाताची थरथर, धडधड, भूक, गोंधळल्यासारखे वाटणे असे झाले, तर "श्वासाचा गुण येतोय" म्हणून बसून राहू नये. ती रक्तातील साखर कमी झाल्याची खूण आहे. ग्लुकोमीटर जवळ असेल तर तपासावे, नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि दवाखाना गाठावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये.

उलट, काही न करता श्वास आपोआप खोल आणि जोराने चालू लागला, बरोबर उलट्या, पोटदुखी, फार तहान अशी लक्षणे असली, तर साखर फार वाढल्याचा तो धोक्याचा इशारा असू शकतो. तेथे व्यायाम नाही, थेट इस्पितळ.

दाब १८०/१२० च्या वर आणि त्याबरोबर छातीत दुखणे, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल तर श्वास मोजत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

मोजा आणि लिहा

माती परीक्षण न करता खताची मात्रा ठरवू नये, असे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. तेच येथे. दंडावर पट्टा बांधण्याचे यंत्र घरी असल्यास उत्तम, मनगटावरचे नको. नसेल तर गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून मिळते. तीस वर्षांवरील सर्वांसाठी तेथे रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे. त्याचा लाभ घ्यावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी नको. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे टेकून स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर टेकलेले, हात छातीच्या पातळीवर टेबलावर. मोजताना बोलू नये. एकदोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत.

आता आपलाच कंट्रोल प्लॉट. नवे औषध वापरताना दोन सऱ्या कोऱ्या सोडतो, तसे पहिले सात दिवस श्वासाचा व्यायाम न करता नुसता दाब मोजून लिहावा. गोळ्या अर्थात चालूच. मग व्यायाम सुरू करावा आणि आठ आठवडे आठवड्यातून तीन दिवस, त्याच वेळी, मोजावे. व्यायामानंतर लगेच मोजू नये. तो तात्पुरता उतार असतो, त्याने आपलीच फसवणूक होते. आठ आठवड्यांनी पहिल्या सात दिवसांची सरासरी आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी शेजारी शेजारी मांडावी. चार-पाच अंकांचा उतार असला तर उत्तम. नसला तरी व्यायाम वाया गेला असे नाही, पण औषधाविषयी डॉक्टरांशी बोलण्याची वेळ आली असे समजावे.

बाकीची मशागत

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, याहून जास्त नसावे. त्यात भाजी-आमटीबरोबर लोणचे, पापड, ठेचा, फरसाण यांतलेही मीठ धरावे. जेवणाच्या पानात वरून मीठ घेण्याची सवय आधी मोडावी. तंबाखू, मिसरी, विडी आणि दारू यांबद्दल वेगळे सांगावयास नको.

शेतातले काम म्हणजे व्यायाम, हे पूर्वी खरे होते. आता पुष्कळ ठिकाणी मोटारसायकलवर बांधापर्यंत, आणि तेथून मोबाईलवर मोटार चालू. रोज अर्धा तास भरभर चालणे वेगळे काढावे. रात्रीची वीज असली की पाणी पाजण्यासाठी जागरण होते, तोडीची वाट पाहण्याच्या दिवसांत चिंताही असते. हे आपल्या हातचे नसते. पण जागरणानंतर दिवसा झोप भरून काढणे आणि गोळीची वेळ न चुकवणे हे हातचे आहे.

आणि साखर. आपण साखर पिकविणारे लोक, सणाला कारखान्याची सवलतीची साखर घरी येते, तो आपला हक्क आहे. पण मधुमेही सभासदाने ती घरच्यांसाठी आहे असे समजावे. आपल्या वाट्याची साखर तेवढी बाजूला ठेवावी, ती घाम-थरथर सुटण्याच्या वेळी तीन चमच्यांपुरती कामाला येईल.

गटातील चार-पाच सभासदांनी एकत्र बसून हा व्यायाम केला तर नेम टिकतो. गट ऑफिसमध्ये सकाळी जागा हवी असल्यास आमच्या कर्मचाऱ्यांस सांगावे. घरातील मंडळींनाही हे वाचून दाखवावे, कारण गोळी घेतली का, हे विचारणारे माणूस घरातच असते.

श्वास सावकाश घ्या, गोळी वेळेवर घ्या आणि आकडा वहीत लिहा.

— ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग